'म्हणे' आणि 'समजा' : दूरचित्रवाणीवरील जुन्या भयपटांच्या व विज्ञानपटांच्या आकर्षणाचा विचार

जुना भयपट किंवा जुना विज्ञानपट दूरचित्रवाणीवर पुन्हा लागला असता प्रेक्षक तो का पाहतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कथानक त्याला ठाऊक असते. वाड्यात फिरणारी पांढरी आकृती शेवटी कोणाची निघणार, हे त्याने पूर्वीच पाहिलेले असते. त्या काळच्या युक्त्या आजच्या डोळ्याला कच्च्या दिसतात. चंद्रावरील खडक पुठ्ठ्याचे आहेत हे लहान मूलही ओळखते. भयाचे आणि विस्मयाचे जे मूळ भांडवल, म्हणजे अनपेक्षितता, तेच येथे खर्च होऊन गेलेले असते. तरीही रात्रीचे जेवण आटोपून घरातील माणसे त्या चित्रपटापुढे बसतात, आणि बहुधा शेवटपर्यंत बसतात.

या प्रश्नाची सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, गतकाळाची ओढ. दुसरे, सुरक्षित जागी बसून भय अनुभवण्याची हौस. पहिले उत्तर कोणत्याही जुन्या चित्रपटाला लागू पडते, दुसरे कोणत्याही भयपटाला. जे उत्तर सर्वत्र लागू पडते त्याने विशिष्ट प्रश्न सुटत नाही. प्रस्तुत टिपणात या आकर्षणाचा शोध भाषेच्या बाजूने घेण्याचा प्रयत्न केला आहे. भाषेच्या अभ्यासकाने चित्रपटाच्या क्षेत्रात शिरणे काहींना अनधिकार वाटेल. तथापि भुताची गोष्ट पडद्यावर येण्यापूर्वी शतकानुशतके जिभेवर वसत होती, आणि तिची राहणी जिभेवर कशी होती हे पाहिल्यावाचून पडद्यावर तिचे काय झाले ते कळणार नाही.

मराठीत भुताची गोष्ट सांगताना एक लहानसा शब्द वारंवार येतो. तो शब्द म्हणजे 'म्हणे'. "त्या वाड्यात रात्री कोणी तरी चालते म्हणे." यातील 'म्हणे' काढून टाकला तर वाक्य पूर्ण राहते, पण त्याचा स्वभाव बदलतो. 'कोणी तरी चालते' असे म्हणणारा त्या विधानाची जबाबदारी घेतो. 'चालते म्हणे' म्हणणारा ती घेतही नाही आणि विधान नाकारतही नाही. ते केवळ पुढे पोचवितो. संस्कृतातील 'किल' या अव्ययाचे एक कार्य असेच आहे. वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने लिट् लकाराची वेगळी सोय सांगितली आहे, हेही येथे आठवावे. न पाहिलेले आणि पाहिलेले यांतील सीमा व्याकरणाने राखावी, ही गरज आपल्या परंपरेत जुनी आहे.

या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. 'म्हणणे' हे क्रियापद संस्कृत 'भण्' धातूपासून प्राकृतद्वारा आले. 'म्हणे' हे जुन्या मराठीतील वर्तमानकाळाचे तृतीयपुरुषी रूप होय. आज तेच रूप कर्त्यासह आले की रीतिभूतकाळ दाखविते, आणि कर्त्यावाचून वाक्याच्या अंती आले की ऐकीव बातमीचे अव्यय बनते. संतांच्या अभंगांतील नाममुद्रेत हे रूप आपणांस नित्य भेटते. तेथे 'म्हणे' याला कर्ता आहे. तुका, नामा, जनी असे नाव त्याच्या शेजारी उभे असते आणि ते नाव मागे म्हटलेल्या सर्वाची जबाबदारी घेते. भुताच्या गोष्टीतील 'म्हणे' याच शब्दाचा सख्खा भाऊ असून त्याचा कर्ता मात्र नाहीसा झाला आहे. कोण म्हणे? त्याचे उत्तर नाही. मराठीत भुतांची नावे मोजून दाखविता येतात. मुंजा म्हणजे मुंज होऊन अविवाहित मेलेला मुलगा, अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली स्त्री. जखीण हे यक्षिणीचे रूप, आसरा हे अप्सरेचे, आणि खवीस हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आलेला. भुताला कूळ आहे, वय आहे, मरणाचे कारण आहे. सांगणाऱ्याला मात्र नाव नाही.

वर्धा जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यात गिरड येथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले सापडतात. साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ व इतर माल त्याच्या वाणीने दगड झाला, तेच हे दगड, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते दक्षिणेच्या काळ्या पाषाणात तयार होणाऱ्या झिओलाइट जातीच्या खनिजाचे गोळे आहेत. आमच्याकडील पदवीधर माणूसही पाहुण्याला टेकडी दाखविताना ही कथा सांगतो, आणि अखेरीस 'म्हणे' जोडतो. आमच्या बोलीत त्याचा उच्चार 'म्हने' असा होतो. तो अडाणी नाही आणि अप्रामाणिकही नाही. खनिज आणि नारळ या दोन्ही गोष्टी एकाच दगडात धरून ठेवण्याची सोय भाषेने त्याला करून दिली आहे. आख्यायिकेचा आनंद घेण्यासाठी त्याला आपली बुद्धी गहाण ठेवावी लागत नाही.

आता चित्रपटाकडे वळू. चित्राला 'म्हणे' म्हणता येत नाही. पडद्यावर जे दिसते ते 'आहे' असेच दिसते. म्हणून भुताची गोष्ट पडद्यावर आणणाऱ्या दिग्दर्शकापुढे पहिली अडचण व्याकरणाची असते : हा काढून घेतलेला 'म्हणे' परत कोठून आणावयाचा? जुन्या चित्रपटांनी तो अनेक मार्गांनी आणला. काळ्यापांढऱ्या छायाचित्रणातील सावली, दाराची करकर, गाणारी पण न दिसणारी स्त्री, आणि मुख्य म्हणजे गोष्ट सांगणारे एखादे पात्र. कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ओसाड महालात आलेल्या नायकाला तेथील अपुऱ्या प्रेमाची कथा माळी सांगतो. पुढे नायकाला दिसणारी 'कामिनी' ही त्या कथेतील मृत स्त्री असावी अशी शंका बळावत जाते. अखेरीस कळते की ती माळ्याचीच मुलगी आहे. म्हणजे ज्याच्या तोंडून आख्यायिका आली त्याच्याच घरातून भूत निघाले. 'कोण म्हणे?' या प्रश्नाला चित्रपटाने शब्दशः उत्तर दिले.

ही रचना त्या काळात अपवादात्मक नव्हती. 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) या हिंदी चित्रपटांत अमानुषाच्या मागून शेवटी मनुष्याचा हात बाहेर येतो. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हे त्याहून शुद्ध उदाहरण होय. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटाची पुढे १९६६ मध्ये 'मेरा साया' ही हिंदी आवृत्ती निघाली. पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्याच चेहऱ्याची स्त्री नायकापुढे उभी राहते आणि आपण तीच आहोत असे सांगते. या दाव्याची तपासणी न्यायालयात होते. ही निवड अर्थपूर्ण आहे. ऐकीव गोष्टीला सहसा पुरावा म्हणून थारा न देणारी अशी ही जागा आहे. तेथे 'म्हणे' जोडलेले वाक्य टिकत नाही, प्रत्येक विधानाला साक्षीदार लागतो. वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटात संशयाचे स्थान नायिकेच्या भयग्रस्त मनात हलविले आहे. तरी शोधाची दिशा तीच राहते. बाहेर काय आहे यापेक्षा हे कोणाला, का आणि कोणामुळे दिसते, हा तेथील प्रश्न आहे. या चित्रपटातील गीताच्या शब्दांवरूनच चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, 'रात्रीस खेळ चाले' या दूरचित्रवाणी मालिकेने आपले नाव घेतले. जुन्या चित्रपटाची स्मृती घराघरांत किती जागी होती, याची ही साक्ष होय.

येथे एक शंका उद्भवते. शेवट ठाऊक झाल्यावर या शोधात रस कसा उरतो? याचे उत्तर भारतीय साहित्यशास्त्रात मिळते. भयानक रसाचा स्थायिभाव भय, अद्भुताचा विस्मय, हे भरताने सांगितले. या रसाच्या आस्वादाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला जे भय प्रतीत होते ते अमुक हरिणाचे नव्हे, माझे नव्हे, शत्रूचे वा मित्राचेही नव्हे. स्थळकाळाच्या आणि स्वामित्वाच्या मर्यादा गळून गेलेले ते निखळ भय असते. यालाच साधारणीकरण म्हणतात. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर रसाला कर्ता पुसलेले भय लागते. तोंडी कथेतील 'म्हणे' नेमके हेच काम करतो. परंतु जुना भयपट येथे थांबत नाही. दीड-दोन तास तो कर्ता पुसून ठेवतो आणि शेवटच्या काही मिनिटांत तो पुन्हा लिहितो. रसाला निनावी भय हवे असते, न्यायाला नावानिशी गुन्हेगार हवा असतो. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. जुन्या भयपटाने त्या एकापाठोपाठ पुरविल्या. दुसऱ्यांदा पाहणारा प्रेक्षक शेवटाची वाट पाहत नाही. निनावी भय आणि नावानिशी माणूस यांना जोडणारे दुवे तो न्याहाळतो. माळ्याचे बोलणे तो या वेळी निराळ्या कानांनी ऐकतो. पुनर्दर्शनाने हा आस्वाद वाढतो, तो याच कारणाने.

मग दूरचित्रवाणीचा यात वाटा कोणता? चित्रपटगृहातील अंधार आणि भव्य पडदा गेल्याने भयपटाची हानी होते, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत १९५७ मध्ये जुन्या बावन्न चित्रपटांचा एक संच 'शॉक' या नावाने दूरचित्रवाणी केंद्रांना देण्यात आला आणि अनेक केंद्रांनी ते चित्रपट सादर करण्यासाठी एकेक निवेदक नेमला. प्रेताचे सोंग घेतलेला हा निवेदक चित्रपटाच्या आधी, मध्ये आणि शेवटी येऊन थट्टा करी. चित्रपट आणि घर यांच्यामध्ये त्याने स्वतःला बसविले. आपल्या परिभाषेत तो सूत्रधार होता, आणि त्याचे एकूण कार्य 'म्हणे' या शब्दाचे होते. मुंबई दूरदर्शनचा आरंभ १९७२ मध्ये झाला, आणि आठवड्याला लागणारा चित्रपट हा पुढे कौटुंबिक सोहळा ठरला. आपल्याकडे असा निवेदक नेमण्याची गरज पडली नाही, कारण तो प्रत्येक घरात होताच. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी ज्याच्या घरी संच त्याच्या घरी शेजार जमत असे. शेजारच्या एक आजी दर भयप्रसंगी आधीच सांगून टाकीत : "आता पाय बाप्पा, दार उघडते." दार उघडे, मुले किंचाळत आणि आजी समाधानाने मान हलवीत. तोंडी कथेला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो. 'हूं' थांबला की सांगणारा थांबतो. चित्रपटगृहाने प्रेक्षकाचा हुंकार बंद केला होता. दूरचित्रवाणीने तो परत दिला. चित्राने गमावलेला 'म्हणे' अशा रीतीने घरातील माणसांनी पुरविला.

काळानेही त्यात भर घातली. मराठीत गेलेला काळही 'भूत' आणि मेलेल्याचा वावरही 'भूत'. 'पाठलाग' आणि 'हा खेळ सावल्यांचा' या दोहोंतील नायक काशिनाथ घाणेकर १९८६ मध्ये अमरावती येथे निवर्तले. त्यानंतर त्यांना पडद्यावर बोलताना पाहणारा प्रेक्षक वास्तविक एका मृत माणसाचा आवाज ऐकत असतो, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. भयपट जितका जुना होतो तितका तो आपल्या विषयाच्या जवळ जातो.

विज्ञानपटाचे व्याकरण निराळे आहे. त्याचा शब्द 'समजा' हा होय. समजा, माणूस अदृश्य झाला. समजा, चंद्रावर वस्ती झाली. 'म्हणे' याला कर्ता नाही. 'समजा' हे आज्ञार्थी रूप असल्यामुळे त्याचा कर्ता ऐकणारा स्वतः आहे. विज्ञानकथा कोणाच्या ऐकीव अधिकारावर उभी राहत नाही, ती वाचकाला विचाराचे काम लावते. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आपले नाव लपवून, आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. सांगणाऱ्याचे नाव येथेही पुसलेले होते. पण हेतू नेमका उलट होता. जबाबदारी टाळण्यासाठी नव्हे, तर कथा केवळ आपल्या तर्कावर पारखली जावी म्हणून ते पुसले होते.

जुन्या विज्ञानपटाच्या बाबतीत मात्र काळ एक चमत्कार करतो. 'चाँद पर चढ़ाई' हा दारासिंग यांचा चित्रपट १९६७ सालचा. मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले ते १९६९ मध्ये. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ मधील चित्रपटाने ज्या २००१ सालाचे स्वप्न पाहिले ते साल येऊन गेले, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. एके काळचा 'समजा' आता 'म्हणे' झाला आहे : एके काळी लोकांना भविष्य असे दिसत होते म्हणे. पुठ्ठ्याचे खडक पाहून आपण हसतो, त्या हसण्यात उपहासापेक्षा माया अधिक असते. पूर्वीच्या पिढीने आपल्याविषयी केलेली कल्पना आपण पाहत असतो, आणि तिच्या कसोटीला आपण कितपत उतरलो हा प्रश्न नकळत मनात येतो.

'समजा' पासून 'म्हणे' पर्यंतचा हाच प्रवास एका चित्रपटाच्या पोटातही घडू शकतो, आणि तो प्रवास नेहमी निरुपद्रवी नसतो. जेम्स व्हेल यांचा 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) पाहावा. मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीत तो कृत्रिम मनुष्य भिंतीआड राहून एका कुटुंबाचे बोलणे ऐकतो, भाषा शिकतो आणि आपली बाजू स्वतः मांडतो. चित्रपटाने त्याची वाणी काढून घेतली. जो 'मी' म्हणू शकत नाही त्याच्याविषयी इतरच बोलणार. तळ्याकाठी तो एका मुलीशी खेळतो आणि फुलांप्रमाणे तीही तरंगेल या समजुतीने तिला पाण्यात टाकतो. गाव मशाली घेऊन निघते ते पाहिलेल्या गोष्टीवर नव्हे, तर्काने जुळविलेल्या गोष्टीवर. विशेष म्हणजे मुलीला पाण्यात टाकण्याचा तो भाग कित्येक वर्षे प्रसृत झालेल्या प्रतींतून वगळलेला होता. १९८० नंतरच्या दशकात तो पुन्हा जोडला गेला. म्हणजे दीर्घकाळ दूरचित्रवाणीचा प्रेक्षकही त्या गावकऱ्यांइतकाच अंधारात होता. मधला भाग न पाहिल्यामुळे त्यानेही प्रत्यक्षाहून वाईट काही तरी घडले असावे असे मानले.

येथे आपण या विषयाच्या खऱ्या गाभ्याशी येतो. 'म्हणे' हा शब्द निष्पाप नाही. आख्यायिकेला तो जे स्वातंत्र्य देतो तेच कुजबुजीलाही देतो. "ती करणी करते म्हणे", हे वाक्य गावात फिरू लागते तेव्हा त्याचा कर्ता कोणीच नसतो. चार घरे ओलांडल्यावर शेवटचा शब्द गळून पडतो आणि "ती करणी करते" एवढेच उरते. विदर्भातील खेड्यांतून अशा आळापायी एकट्या, वृद्ध, विधवा स्त्रियांना मारहाण झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि असा आळ घेऊन एखाद्या व्यक्तीला छळणे हा गुन्हा ठरला. या पार्श्वभूमीवर भयपटाने अंधश्रद्धा वाढते हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. परंतु तो सर्व भयपटांना सारखाच लावणे म्हणजे व्याकरणातील भेद न ओळखणे होय. 'कोण म्हणे?' असे विचारणारा चित्रपट आणि तो प्रश्नच पुसून टाकणारा चित्रपट, यांत तपासनीस आणि जमाव यांच्याइतके अंतर आहे. १९७० नंतर रामसे बंधूंच्या चित्रपटांनी आणि १९९० नंतरच्या अनेक मालिकांनी भूत 'आहे' हे गृहीत धरले. त्यांत मौज नव्हती असे नाही. पण त्यांनी प्रेक्षकाकडून संशयाचा हक्क काढून घेतला. रंग, मुखवटे आणि पुढे संगणकाची चित्रे जसजशी वाढली, तसतसा 'म्हणे' आकसत गेला.

याचा अर्थ नवे ते सर्व टाकाऊ असा नव्हे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात देवी आणि हस्तर यांची कथा प्रारंभी एक बाप आपल्या मुलाला सांगतो. त्यामुळे पुढील सर्व दृश्यांवर त्या सांगण्याची छाया राहते. या चित्रपटाचे बीज नारायण धारप यांच्या कथेत असून, ती कथा आपण नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली, असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. विदर्भातील एका अरण्यात, रात्री, एकाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट : आपल्या भयकथेचे मूळ घर हेच आहे. तेथून निघून ती पडद्यावर गेली, तरी तिने आपली वाणी सोडली नाही म्हणून ती टिकली.

तात्पर्य, जुन्या भयपटाचे दूरचित्रवाणीवरील आकर्षण भयात नाही आणि केवळ स्मरणरंजनातही नाही. विश्वास आणि अविश्वास यांच्यामध्ये सभ्यपणे उभे राहण्याची जी जागा 'म्हणे' या शब्दाने आपल्या भाषेत राखली आहे, ती हे चित्रपट पुन्हा मोकळी करून देतात, आणि त्यांतील उत्तम चित्रपट निघताना 'कोण म्हणे?' हे विचारायला शिकवून जातात. विज्ञानपट हाच प्रश्न आपल्याकडे वळवितो : समजा म्हटले, तर तुम्ही काय समजलात? आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून 'म्हणे' याचे प्रयोग गोळा करावेत : तो कोणत्या कथेत येतो, कोणाच्या तोंडी येतो, आणि कोणत्या वेळी गळून पडतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर त्याचा उपयोग केवळ भाषाशास्त्राला होईल असे नाही.